एका संकेतधुनेचा कुलवृत्तांत

पहाटेचं प्रसारण सुरू होण्याच्या मिनिटभर आधी आकाशवाणी नागपूर लावून ठेवली, तर आधी नुसती खरखर येते. मग त्या खरखरीतून तंबोरा वर येतो. तारा फिरू लागतात न लागतात तोच व्हायोलिन सुरू होतं. एक छोटी सुरावट, हळू, जराशी करुण, तंबोऱ्याचा हात न सोडणारी. ती पुन्हा वाजते, थोडं वळण घेऊन पुन्हा वाजते आणि थांबते. त्यानंतर 'वंदे मातरम्', मग निवेदकाचा आवाज, ५१२.८ मीटर अर्थात ५८५ किलोहर्ट्झ, आणि मग मंगलध्वनी. विदर्भातल्या कितीतरी घरांत चहाचं आधण, शाळेची घाई आणि शेतावर निघायची वेळ याच क्रमावर बेतलेली होती.

ही धून कोणाची, हे मात्र सहसा कोणी विचारलं नाही. ती इतकी आपली वाटत आली की तिला कर्ता असेल हेच मनात येत नसे.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची जुनी हौस आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून कुठे आला, कोणत्या शाखा कुठे पांगल्या आणि कोणती खुंटली, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. या धुनेचा तसा कुलवृत्तांत लिहायचा तर मूळ पुरुष सापडतो बोहेमियातल्या कार्ल्सबाड या गावी. नाव वॉल्टर कॉफमन. जन्म १ एप्रिल १९०७, धर्म ज्यू, भाषा जर्मन, पेशा संगीतरचना. आणि या कुळाची जी शाखा मला सर्वांत मोलाची वाटते, ती मुंबईतून निघून मध्य प्रांताच्या जंगलात, गोंडांच्या गाण्यांपर्यंत जाते. गोंड राजाने वसवलेल्या शहरात राहणाऱ्या आपण ती शाखा कधी धुंडाळली नाही. ही खंत मनात आहे, म्हणून हा मागोवा.

आधी घरचा तपशील. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहाच केंद्रं आली होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. नव्या केंद्रांच्या पहिल्या खेपेतच नागपूरचा नंबर लागला आणि १६ जुलै १९४८ रोजी केंद्र सुरू झालं. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, त्यामुळे केंद्राला मराठी आणि हिंदी दोन्ही सांभाळाव्या लागल्या. कॉफमन भारत सोडून गेला त्याला तोवर दोन वर्षं झाली होती. म्हणजे ही धून नागपूरच्या हवेत पोचली तेव्हा तिचा जनक समुद्रापलीकडे होता. पुढे १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तीही नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून. मध्यम लहरी रात्री लांबवर जातात. देशाच्या मधोमध एवढा ताकदीचा प्रक्षेपक उभा केला तर एका जागेवरून देशाचा मोठा भाग कवेत येतो, हा त्यामागचा हिशेब. झीरो माइलच्या दगडाचा नागपूरकरांना जो अभिमान आहे, तो त्या प्रक्षेपकाने रात्रीच्या आकाशात खरा करून दाखवला. ती वाहिनी २०१९च्या सुरुवातीला बंद झाली. धून मात्र टिकली.

आता मुंबई. तिथे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने केंद्र सुरू केलं. कंपनी तीनच वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ रोजी या सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. संकेतधून त्याच वर्षाची. चाल कॉफमनची, आणि व्हायोलिन मेहली मेहता यांचं, असं मुंबईच्या पाश्चात्त्य संगीताच्या वर्तुळात कायम सांगितलं जातं. मेहली हे झुबिन मेहता यांचे वडील. झुबिन यांचा जन्मही त्याच वर्षीचा, २९ एप्रिल १९३६ चा.

धुनेचा राग शिवरंजनी म्हणून ओळखला जातो. सा, रे, कोमल गंधार, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. भूपाचा गंधार उतरवला की शिवरंजनीची आकृती मिळते, आणि एका स्वराच्या फरकाने सगळा भाव पालटतो. 'मेरा नाम जोकर'मधलं मुकेशचं गाणं आठवलं की या रागाची कळ लगेच ध्यानात येते. युरोपीय कानाला त्या कोमल गंधारात आपल्या मायनर सप्तकाची ओळख पटते. म्हणजे दोन्हीकडच्या कानांना परका न वाटणारा पाच स्वरांचा एक जिना कॉफमनने निवडला. त्याहून मला लक्षणीय वाटतं ते त्याने काय टाळलं ते. एकोणतीस वर्षांचा, बर्लिनमध्ये शिकलेला रचनाकार. सुरावटीखाली स्वरमेळ रचणं हा त्याच्या शिक्षणाचा गाभा. एवढ्या लहानशा धुनेत दोन-चार झळाळते स्वरमेळ पेरायचा मोह कोणालाही झाला असता. त्याने खाली तंबोरा ठेवला आणि बाकी जागा मोकळी सोडली. तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमावर कोमल गंधार एकटा उभा राहतो तेव्हा त्याला आणखी कशाचा आधार लागत नाही, हे त्याला भारतात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली असताना कळलं होतं.

हे कसं कळलं, याचं उत्तर त्याच्या शिक्षणात आहे. कार्ल्सबाड हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. युरोपातले धनिक, राजघराण्यातली माणसं आणि कलावंत तिथे पाणी प्यायला आणि हवापालट करायला येत, त्यामुळे गावात वाद्यवृंद आणि नाटकगृह यांना बारमाही काम. अशा गावातून कॉफमन बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात गेला. रचना शिकवायला फ्रान्झ श्रेकर, आणि संगीतशास्त्राला कुर्ट साक्स. या साक्सजवळ थोडं थांबायला हवं. जगातल्या सगळ्या वाद्यांचं एक वर्गीकरण त्याने एरिख फॉन हॉर्नबोस्टेलच्या सोबतीने १९१४ मध्ये मांडलं. तारेची, हवेची, चामड्याची आणि घन पदार्थांची, असे त्याचे मुख्य चार वर्ग. त्याआधी बेल्जियमच्या माहियाँने अशीच चौकट वापरली होती, आणि तिचा आदर्श होता आपलाच: तत, सुषिर, अवनद्ध, घन. भरताच्या नाट्यशास्त्रातली ही विभागणी ब्रुसेल्समार्गे बर्लिनच्या वर्गात पोचली आणि तिथे कार्ल्सबाडचा एक पोरगा ती शिकला. साक्सने भारत आणि इंडोनेशियाच्या वाद्यांवर १९१५ मध्येच स्वतंत्र पुस्तकही लिहिलं होतं. कुळाचे धागे असे कुठून कुठे गेलेले असतात.

बर्लिननंतर प्रागचं जर्मन विद्यापीठ. तिथे त्याने मालरच्या सिंफनींवर प्रबंध लिहिला. प्रबंध तयार होता, पदवी हातात पडायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात त्याला समजलं की आपले प्राध्यापक गुस्टाफ बेकिंग हे नाझी तरुणांच्या स्थानिक गटाचे म्होरके आहेत. त्यांच्या हातून पदवी घ्यायला त्याने नकार दिला. विशीतल्या, शिक्षणातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या, नोकरीची गरज असलेल्या माणसाने हे केलं. जर्मनीत तोवर श्रेकरला पदावरून जावं लागलं होतं आणि साक्सला नोकरीतून काढून टाकलं होतं. गुरूंचं जे झालं ते बघून शिष्याने वेळीच सामान बांधलं. भारतच का, तर व्हिसा सहज मिळाला.

पण नुसतं व्हिसाचं कारण सांगितलं तर गोष्ट अर्धीच राहते. भारतीय संगीत पहिल्यांदा ध्वनिमुद्रिकेवर ऐकलं तेव्हा कॉफमनला ते अजिबात कळलं नव्हतं. परकं, दुर्बोध वाटलं. त्यावर त्याने जो विचार केला तो त्याने पुढे लिहून ठेवला आहे. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनीच निर्माण केलेलं आहे, लाखो लोक त्यावर प्रेम करतात, मग दोष माझाच असला पाहिजे. तेव्हा जिथे ते जन्मलं तिथे जाऊन ऐकलं पाहिजे, असा त्याचा आशय. न कळणाऱ्या गोष्टीला रानटी ठरवणारे साहेब आपल्याकडे शंभर वर्षं होऊन गेले होते. त्या काळात एका युरोपीय संगीतकाराने उणेपण स्वतःच्या कानाकडे घ्यावं, याची किंमत आपण ओळखली पाहिजे.

फेब्रुवारी १९३४ मध्ये तो मुंबईला उतरला आणि काही महिन्यांतच त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात वादन. पियानोवर स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर इटालियन एदिजिओ वेर्गा. मे १९३७ पर्यंत या मंडळींचे १३६ कार्यक्रम झाले होते. आठवड्याला एक, तोही प्रत्येक वेळी नव्या तालमीसह. यावरून त्याच्या कामाचा झपाटा लक्षात येतो. राहायला वॉर्डन रोडच्या बाजूला रेवा हाऊस. जर्मनीत चित्रपटविद्या शिकून आलेले मोहन भवनानी हे त्याचे स्नेही. त्यांच्या चित्रपटांना त्याने पार्श्वसंगीत दिलं. आणि नोकरी रेडिओवर: मुंबई केंद्राच्या युरोपीय संगीताचा प्रमुख, १९४६ पर्यंत.

त्याच सुमारास दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताचं खातं जॉन फोल्ड्स या इंग्रज रचनाकाराकडे होतं. तोही भारतीय संगीतावर जीव टाकणारा. त्या प्रेमापोटीच त्याने हार्मोनियमविरुद्ध झणझणीत लेख लिहिला, कारण तिच्या ठरीव पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत. १९३९ साली तो कलकत्त्यात पटकीने गेला, आणि १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियम बंद झाली ती थेट १९७१ पर्यंत. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या लोकांना त्याचा केवढा जाच झाला! कॉफमनने असे फतवे सुचवले नाहीत. तो ऐकत राहिला.

आता त्याच्या घरात डोकावू. कॉफमनची पहिली पत्नी गेर्टी हेरमान ही फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची. काफ्काला तीन बहिणी: एली, वाली आणि ओटला. गेर्टी ही थोरल्या एलीची मुलगी, जन्म १९१२ चा. काफ्का गेला १९२४ च्या जूनमध्ये, म्हणजे मामा गेला तेव्हा भाची अकरा-बारा वर्षांची. मामाच्या आठवणी तिने पुढे लिहून ठेवल्या. तिच्या मोठ्या भावाच्या, फेलिक्सच्या शिक्षणाबद्दल काफ्काने एलीला १९२१ मध्ये लिहिलेली पत्रं प्रसिद्धच आहेत. पोराला घराबाहेर काढ, ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊच्या शाळेत पाठव, असं त्याने बहिणीला परोपरीने विनवलं होतं; आईबापांच्या मायेतच मुलाचं गुदमरणं दडलेलं असतं, हे त्याचं ठाम मत. साहित्यप्रेमी मराठी वाचक काफ्काला 'रूपांतर' आणि 'खटला' यांतून ओळखतो. घरात भाच्यांच्या शाळेची काळजी करणारा मामा म्हणून तो वेगळाच दिसतो.

हे काफ्काचं गणगोत मुंबईत एवढ्यावर संपत नाही. प्रागचा विली हास हा जर्मनीतल्या एका नामवंत साहित्य साप्ताहिकाचा संपादक. १९३९ मध्ये तोही निसटून मुंबईत आला आणि भवनानींसाठी पटकथा लिहू लागला. युद्धानंतर, १९५२ मध्ये, काफ्काने आपल्या मैत्रिणीला, मिलेनाला लिहिलेली पत्रं पुस्तकरूपाने संपादित केली ती याच हासने. मुंबईच्या दमट हवेत, मोसमी पावसात, काफ्काचे एवढे जवळचे धागे वावरत होते.

मागे राहिलेल्यांचं काय झालं, हेही कुलवृत्तांतात लिहिलंच पाहिजे. १९३८ च्या सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला आणि कार्ल्सबाडसह तो सगळा सीमाभाग हिटलरच्या ताब्यात गेला. नोव्हेंबरमध्ये कार्ल्सबाडचं सिनॅगॉग जाळलं गेलं. १९४१ साली एली आणि वाली या दोघी बहिणींना पोलंडमधल्या लोद्झच्या कोंडवाड्यासारख्या ज्यू वस्तीत पाठवण्यात आलं. त्या परतल्या नाहीत. ओटला १९४३ मध्ये आउश्वित्झला संपली. एलीच्या तीन मुलांपैकी युद्धातून वाचली ती गेर्टी एकटीच. ज्या वर्षांत ही धून दररोज सकाळी हिंदुस्थानभर वाजत होती, त्याच वर्षांत तिच्या जनकाचं सासर असं पुसलं जात होतं. त्या धुनेतला करुणपणा मला आता नुसता रागाचा वाटत नाही. रचना १९३६ ची आहे, पुढचं काही कोणाला ठाऊक नव्हतं, हे मान्य. ऐकताना मात्र ते मनातून जात नाही.

आपल्याकडे ज्यू समाज काही नवा नव्हता. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतकं तेलाचा घाणा चालवत, मराठी बोलत राहिले होते; बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करण्याची प्रथा त्यांनी एकोणिसाव्या शतकातच पाडली होती. जर्मनभाषक निर्वासितांची गोष्ट निराळी. ते एकेकटे, हातात कला घेऊन आले. टीकाकार रूडी फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, संग्राहक एमान्युएल श्लेसिंजर हे त्याच लाटेतले, आणि त्यांनी मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना उभं केलं. त्या चित्रकारांतला सय्यद हैदर रझा हा मंडला जिल्ह्यातला, आणि १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकलेला. मंडल्याच्या गोंड मुलखातून, नागपूरमार्गे, रझा मुंबईला निर्वासितांच्या बैठकीत पोचला. कॉफमनचं लक्ष मात्र नेमकं उलट दिशेला लागलं: मुंबईहून मंडल्याच्या मुलखाकडे.

१९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'म्युझिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकात कॉफमनचा एक लेख छापून आला. विषय गोंड आणि बैगा लोकांची गाणी. त्या नियतकालिकाचा वाचक म्हणजे बाख-बीथोव्हनवर पोसलेला अभ्यासक. त्याच्यापुढे या माणसाने मध्य प्रांतातल्या जंगलातली गाणी स्वरलिपीत मांडून ठेवली. इथेच तो थांबला नाही. १९६० मध्ये 'एथ्नोम्युझिकॉलॉजी'त पहाडी माडिया, झोरिया मुरिया आणि बस्तरच्या मुरियांच्या गाण्यांवर लेख, आणि १९६१ मध्ये त्याच लोकांच्या वाद्यांवर दुसरा. वाद्यांचा लेख वाचताना साक्सचा शिष्य दिसतो: भरताची चौकडी बर्लिनला जाऊन परत बस्तरच्या ढोलापाशी आली.

ही माणसं आपल्याला दूरची नाहीत. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या जिथे मिळतात, तिथून पलीकडे अबूझमाड सुरू होतो. गडचिरोलीतले आपले माडिया आणि पलीकडचे पहाडी माडिया एकाच गोताचे. नदीने प्रांत वेगळे केले, सोयरीक नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरीमुळे १९७३ नंतर मराठी माणसाला माडिया हे नाव ठाऊक झालं, पण ते औषधपाण्याच्या, शाळेच्या, दुःखाच्या संदर्भात. त्यांच्या गाण्याकडे गाणं म्हणून बघणारे आपल्यात मोजके. रेला गाणी ज्यांनी गडचिरोलीत रात्रीच्या वेळी ऐकली असतील त्यांना माहीत आहे: हात गुंफलेली रांग, एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची, मोजक्या स्वरांत रात्रभर. शहरी कानाला पहिल्या पाच मिनिटांत ते एकसुरी वाटतं. अर्ध्या तासाने पायाचा ठेका आणि ओळीची लांबी यांतला खेळ उमगायला लागतो. ओळ जिथे संपते तिथे पाऊल पडत नाही, आणि त्या तफावतीवरच सगळं नाचतं. आपला दोष धरून ऐकणाऱ्यालाच हे सापडतं.

त्या काळात गोंडांमध्ये काम करणारी आणखी एक जोडी होती. व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे मराठी सोबती शामराव हिवाळे १९३२ पासून मंडल्याच्या करंजिया गावी राहू लागले होते. दोघांनी मिळून मैकल पर्वतातल्या गाण्यांचा मोठा संग्रह १९४४ मध्ये काढला. हिवाळ्यांनी गोंडांच्या परधान भाटांवर १९४६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एल्विन यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे, हिवाळे मराठीतही विस्मरणात गेले, हे बरोबर नाही. या जोडीने गाण्यांचे शब्द जपले. कॉफमनने स्वर जपले. गाण्याला दोन्ही लागतात. नागपूर या मुलखाची राजधानी होती, इथे १९२३ पासून विद्यापीठ होतं. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवलं. महालात गोंड राजाचा किल्ला अजून आहे. तरी गोंडांची सुरावट कागदावर उतरवायला कार्ल्सबाडचा परागंदा माणूस यावा लागला. मी हे कुणाला बोल लावायला लिहीत नाही. आपल्या अंगणातल्या गाण्याची आपण घेतलेली दखल किती तोकडी आहे, ते यातून उघड दिसतं, आणि ते बोचतं.

१९४६ मध्ये कॉफमनने भारत सोडला. काही काळ लंडन, मग १९४७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सची संगीतशाळा, आणि १९४८ पासून विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचा संचालक. हिवाळ्यात उणे तीसपर्यंत उतरणाऱ्या त्या गावात त्याने जवळजवळ दशकभर वाद्यवृंद घडवला. गेर्टीशी काडीमोड झाला होता. १९५१ मध्ये विनिपेगच्याच पियानोवादक फ्रेडा ट्रेपेलशी त्याने लग्न केलं. १९५७ मध्ये तो अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि वीस वर्षं तिथे शिकवलं. बेकिंगच्या हातून नाकारलेली पदवी त्याच्या आड आली नाही. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनला तो वारला.

मुंबईतल्या बारा वर्षांचं पीक त्याने ब्लूमिंग्टनमध्ये झोडून घेतलं. 'द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया' १९६८ मध्ये, दक्षिणेच्या रागांवरचा ग्रंथ १९७६ मध्ये, याच सुमारास पौर्वात्य स्वरलिपींवर आणि तिबेटी बौद्ध पठणावर एकेक पुस्तक. उत्तरेच्या रागांचा ग्रंथ त्याने दहा थाटांच्या चौकटीत लावला आहे. म्हणजे पाया विष्णु नारायण भातखंडे यांचा. भातखंडे यांनी देशभर फिरून, उस्तादांच्या नाकदुऱ्या काढून जमवलेलं शास्त्र मराठीतून लिहिलं. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते मुंबईत गेले, धून जन्मली त्याच वर्षी. मुंबईच्या वकिलाने मराठीत बांधलेली रागांची मांडणी अमेरिकन विद्यार्थ्याच्या बाकावर इंग्रजीत पोचवणाऱ्यांत कॉफमन एक. धुनेची ही ग्रंथशाखा, आणि तिचा एक पूर्वज पूर्णपणे मराठी.

खुद्द रचनाकार कॉफमनची शाखा मात्र खुंटल्यासारखी झाली. त्याने सिंफनी, चौकड्या, कॉन्चेर्टो, ऑपेरा, बॅले असं खूप लिहिलं. 'इंडियन सिंफनी' लिहिली, 'मद्रास एक्स्प्रेस' नावाची वाद्यवृंदासाठीची हलकीफुलकी रचना लिहिली, रेडिओसाठी 'अनसूया' हा ऑपेरा केला. हॉथॉर्नच्या 'स्कार्लेट लेटर'वरचा त्याचा ऑपेरा १९६१ मध्ये इंडियानात झाला. तरी बहुतेक संहिता हस्तलिखितातच राहिल्या. युरोपातल्या प्रकाशकांशी आणि वाद्यवृंदांशी ज्या वयात नातं जुळतं, त्या वयात तो मुंबईत होता. आणि युद्धानंतर युरोपातली आवड पालटली, रागांच्या वळणाने जाणाऱ्या सुरावटींना तिथे जागा उरली नाही. २०२० मध्ये टोरंटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्याच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका चँडोसतर्फे काढली, तेव्हा पुष्कळांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यातल्या मुंबईच्या दिवसांतल्या रचना ऐकाव्यात अशा आहेत. चौकडीच्या संथ भागात चेलो खालचा स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवतो आणि वरचं व्हायोलिन आलापीला लागल्यासारखं रेंगाळतं. त्यात उसनेपणा वाटत नाही. बारा वर्षं ऐकलेलं अंगात मुरलं आहे हे जाणवतं.

मे २०२३ मध्ये प्रसार भारतीने 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव बाजूला ठेवून सर्वत्र 'आकाशवाणी' वापरायचं ठरवलं. सेवेचं १९३६ मधलं नाव गेलं, त्याच वर्षीची धून राहिली. खेड्यातला ट्रान्झिस्टर जाऊन मोबाइलवरचं अॅप आलं, त्यातही ती आहे. नागपूर केंद्राने आपल्या श्रोत्यांना वर्षातून एकदा, समजा १ एप्रिलला, ही धून कोणाची ते सांगितलं तर किती बरं होईल. दोन मिनिटांचं निवेदन पुरे.

गोंडी गाण्यांचं काम मात्र दोन मिनिटांत होणारं नाही. कॉफमनची कागदपत्रं ब्लूमिंग्टनच्या संगीत ग्रंथालयात जपलेली आहेत, आणि ते तिन्ही लेख जुन्या नियतकालिकांचे अंक ठेवणाऱ्या कोणत्याही चांगल्या ग्रंथालयातून मिळू शकतात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्या स्वरलिपी वाजवून दाखवल्या तर 'हे आमच्या आजीचं' असं म्हणणारी म्हातारी माणसं भामरागड आणि एटापल्लीच्या गावांत आज भेटू शकतात. कोणती चाल तशीच उरली, कोणती बदलली, कोणती हरवली, हे तीच सांगतील. संगीताचा एखादा विद्यार्थी, गोंडी जाणणारा एक सोबती आणि एक ध्वनिमुद्रक एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं, आणि ते त्या माणसांच्या हयातीत व्हायला हवं.